काडीच्या टोकावरचा चतुर

“थांबा, येतोय परत तो,” असं म्हणून काका डावा हात मागं करायचे. म्हणजे मीही जागीच थांबायचं. तो म्हणजे चतुर. पाण्यावर भिरभिरताना तुम्हीही पाहिला असेल.

शेजारचे हे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी एकच ध्यास घेतला. उडत्या चतुराचा एक तरी स्पष्ट फोटो काढायचा, आणि तोही हातानं फोकस लावून. हा हट्ट कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

“काका, ऑटोवर टाका की.”

“नाय. मशीन गवतालाच चिकटतं. आपण आधी त्या काडीच्या टोकावर फोकस लावून ठेवायचा. गडी एकाच वाटेनं फेऱ्या मारतो. टोकाशी आला की दाबायचं.”

ऐकायला पटायचं. पण दर रविवारी हर्सूल तलावावरून आल्यावर कॉलनीच्या ग्रुपवर जो फोटो पडायचा, त्यात हिरव्या धुरकटात एक तपकिरी डाग असायचा. आम्ही फोन आडवा धरायचो, उभा धरायचो. तोंड कुठलं अन् शेपूट कुठली? शेवटी सगळे ‘सुंदर’ लिहून मोकळे व्हायचे.

“लई शार्प आलाय, व्हय ना?” काका विचारायचे. आता तुम्हीच सांगा, त्यांना तो तसा दिसत होता, की आमचीच फिरकी चालली होती?

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या संध्याकाळी ते माझ्याकडं येऊन जुने फोटो बघत बसले. चहा निवून गेला.

“हे असे होते?”

मला फार वाईट वाटलं. मी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच ठाऊक नाही.

“अन् सगळ्यांनी सुंदर लिहिलं!” म्हणत ते एकदम हसत सुटले.

पुढच्या रविवारचा फोटो मी जपून ठेवलाय. काडीचं टोक इतकं स्पष्ट, की त्यावरचं दवसुद्धा दिसतं. चतुर मात्र कुठंच नाही. खाली काकांनी लिहिलं होतं, ‘थांबा, येतोय परत.’

त्याच आठवड्यात काका झोपेतच गेले.

परवा हर्सूलला गेलो होतो. काडी तीच होती का, कोण जाणे. एक चतुर आला, गेला, परत आला. फोन खिशातच राहिला. माझा डावा हात मात्र आपोआप मागं गेला होता, आणि मागं कुणीच नव्हतं.