शुक्रवारचं पाणी

वसुधा गेल्याचं कळवायला तिच्या नवऱ्याने इंदिरानगरहून फोन केला, आणि बोलता बोलता आम्ही दोघंही हसायला लागलो. आदल्याच दिवशी तिने दवाखान्यात सलाइनचे थेंब मोजून वेग चुकल्याचं नर्सला सुनावलं होतं... अशा बाईसाठी नुसतं रडायचं तरी कसं?

नव्वदच्या दशकात आम्ही एकाच कचेरीत होतो. मी गोदावरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासायचे, ती ते आकडे भरून कॉम्प्युटरवर नदीच्या अख्ख्या खोऱ्याचं मॉडेल चालवायची. पाऊस, ओढे, गावं, शेतं सगळं त्यात घालायचं आणि घाण कुठून येते ते शोधायचं. घाटाजवळचे आकडे मात्र काही केल्या मॉडेलशी जुळेनात. शेवटी तिने वरच्या अंगाच्या गोठ्यांतलं शेण पडद्यावर वाढवत नेलं, तेव्हा कुठे जुळले. अहवाल तयार झाला. तो मंजूर झाला की काठावरचे गोठे उठणार होते.

तेवढ्यात वसुधाला ताप आला, आणि दर बुधवारी घ्यायचे नमुने त्या आठवड्यात शुक्रवारी घेतले गेले. पाणी चक्क बरं निघालं. मी पुन्हा तपासलं, तरी तेच. फोनवर आकडे सांगितले तर ती म्हणाली, "अगं... शुक्रवारी घाटावर बाजार कुठे असतो?" नमुन्यांचा वार तिनेच ठरवला होता, जीप जातेच आहे तर ताजी भाजीही घेता यावी म्हणून! बुधवारी, बाजाराच्या दिवशी, जिथे शेणखताची माती लागलेल्या पालेभाज्यांच्या जुड्या धुतल्या जायच्या, तिथेच आमच्या बाटल्या बुडायच्या.

बैठकीत तिने हे सरळ सांगून टाकलं. साहेबांचा चेहरा उतरला. "मॅडम, हे भाजीचं अहवालात लिहायचं?"

"लिहायलाच हवं, साहेब. नाहीतर माझ्या मेथीपायी लोकांचे गोठे उठतील."

सगळी बैठक हसली. तिची बढती लांबली, गोठे मात्र राहिले. पुढे ही फजिती ती स्वतःच रंगवून सांगायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

परवा कचेरीत गेले होते. मॉडेल आता नव्या मशीनवर चालतं, पण तिने घातलेली एक अट कुणी काढलेली नाही. नमुना कोणत्या वारी घेतला आणि तेव्हा काठावर काय चाललं होतं, हे लिहिल्याशिवाय ते पुढे सरकतच नाही. नवी इंजिनीअर ती जागा रिकामी सोडून बघत होती, वैतागली होती. मी म्हटलं, "नाही ऐकणार ते. वसुधाचं आहे."

तिने कपाळाला हात लावला, आणि जीपच्या ड्रायव्हरला फोन करून विचारलं, "काका, काल नदीवर कोण कोण होतं हो?"