पपईचा चीक आणि आमचे भावजी

अक्कल बाजारात मिळत असती, तरी आमच्या भावजींनी घासाघीस करून ती अर्धीच आणली असती. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. नव्वदच्या दशकात पलूसच्या बाजूला पपईच्या चिकाचं वारं आलं होतं. हिरव्या पपईला पहाटे चिरा पाडायच्या, गळलेला चीक गोळा करायचा आणि वाळवून पावडर विकायची. त्या चिकात पेपेन नावाचं एन्झाइम असतं. ते मांस मऊ करतं, दूध फाडतं, म्हणून औषधवाले ते घेतात. भावजींनी रानात पत्र्याची शेड मारली आणि त्या दिवसापासून ते स्वतःला कारखानदार म्हणवून घेऊ लागले.

मी सांगलीच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली, लग्न होऊन कुंडलला आलेली. त्या घरात माझ्या शिक्षणाचा उपयोग औषधाच्या बाटलीवरची इंग्रजी चिठ्ठी वाचण्यापुरता होता. शेड मला सांभाळू द्या, असं मी सासऱ्यांना एकदा धीर करून म्हटलं. "येपाऱ्यानं माल पास करू दे, मग बघू कुणी सांभाळायची," ते म्हणाले. मला ती शेड हवी होती. फोडण्या देऊन देऊन माझं डोकं गंजत चाललं होतं.

उन्हात वाळवलेला चीक तपकिरी व्हायचा आणि व्यापाऱ्याला पांढरा माल हवा होता. भावजींनी कुठूनतरी ऐकलं की चिकात स्पिरिट ओतलं की पांढरा साका खाली बसतो. बसतो, हे खरं. पण भावजी ते ऐन एप्रिलात, तापल्या पत्र्याखाली करायला निघाले होते, आणि स्पिरिट घातलेलं चिकाचं पिंप तसंच दिवसभर ठेवणार होते.

"भावजी," मी म्हटलं, "एन्झाइमला आपला आकार धरून ठेवायला भोवती थोडं पाणी लागतं. स्पिरिट ते पाणी ओढून घेतं. बर्फाच्या गारव्यात झटपट उरकलं तर ते मुकाट खाली बसतं आणि पुन्हा पाणी मिळालं की कामाला लागतं. उकाड्यात असं भिजत ठेवलं, तर त्याची घडी विस्कटते. ती परत बसत नाही."

"स्पिरिटात कवा काय नासतंय व्हय, वहिनी? शाळंतल्या बरणीतला साप बघितला न्हाई का? इतकी वर्सं झाली, अजून हाय तसा हाय."

"तो मेलेला असतो, भावजी."

नवरा हसला, पण माझ्या बाजूनं नाही. त्या घरात तो पाटासारखा होता, कुणीही यावं आणि बसावं.

मग सोड्याच्या दुकानातून मी घमेलंभर बर्फ मागवला. थोडासा ताजा चीक घेतला, गार स्पिरिटात साका पाडला, लगेच गाळून सावलीत वाळवला. अर्धी वाटी पावडर निघाली. चिमूटभर कोमट दुधात टाकून पाहिली, तर दूध बघता बघता फाटलं. दूध वाया घालवलं म्हणून सासूबाईंनी मला सुनावलं.

व्यापारी सांगलीहून आला. भावजींची पावडर चुन्यासारखी पांढरी झाली होती. व्यापाऱ्यानं कोमट दूध मागितलं, त्यात त्या पावडरीची चिमूट टाकली, ढवळलं. आम्ही सगळे पातेल्यात डोकावत उभे.

"म्हशीचं हाय," भावजी म्हणाले. "घट्ट असतंय. जरा येळ लागंल."

व्यापाऱ्याचा चहा पिऊन झाला. दुधावर साय धरली. मी पातेलं उचलून आत नेलं, दूध पुन्हा कोमट केलं, बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर माझ्या वाटीतली चिमूट त्यात टाकली. दूध फाटलं.

"बघा," भावजी म्हणाले, "म्या म्हनलं न्हवतं, येळ लागतोय?"

इतका निर्लज्ज माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. माझा नवरा मान डोलवत होता. व्यापारी मात्र दूधखुळा नव्हता. "ही दुसरी पावडर कशी केली?" त्यानं भावजींनाच विचारलं. "मला सगळा माल असा पाहिजे."

भावजींनी सासऱ्यांकडं पाहिलं. सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सांग की, सूनबाई," ते म्हणाले.

"दोनच गोष्टी लागतात," मी म्हटलं. "शेडमध्ये बर्फ, आणि शेडबाहेर भावजी."