शेवटचं कडवं

आमच्या चर्चमधले किस्से गोळा करायला लागत नाहीत. दर रविवारी मिस्साची प्रार्थना संपायच्या आधीच ते दारातनं बाहेर पळत असतात!

खरं तर रीत साधी आहे. कम्युनियन झालं, म्हणजे फादरांनी जिभेवर पवित्र भाकर ठेवली, की जागेवर बसायचं, फादरांचा आशीर्वाद घ्यायचा, शेवटचं गीत म्हणायचं, चारही कडवी, आणि मग घरी. गाणं आईचं, कीबोर्ड माझा. आईचं देवाकडं एकच मागणं: एकदा तरी चौथं कडवं माणसांसमोर गायला मिळू दे. आजवर ते बाकांनीच ऐकलंय.

•

पळायचं कारण? मटण! "उशिरा गेलं की खाटीक नुसती हाडं गळ्यात मारतोय," असं आमच्या रिटायर्ड हेडमास्तरांचं म्हणणं. याच माणसानं एकदा पळता पळता मला कीबोर्डपाशी गाठलं.

"इंजिनिअरिंग सोडलंस म्हणं? हातात घेतलेलं शेवटाला न्यावं माणसानं!"

मागं फादर आशीर्वादाला हात वर करत होते. मी म्हटलं, "सर, आशीर्वाद?"

"तू घे. तुला गरज हाय!"

आणि गेले! ही माणसं मला शिस्त शिकवणार!

•

फादर एकदा असे वैतागले, की कम्युनियननंतर तडक पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले. गाडीला किक मारणाऱ्यांना तिथंच आशीर्वाद दिला. मला वाटलं, आता तरी ही म्हातारी माणसं लाजतील.

पुढच्या रविवारी अर्धी मंडळी मिस्साभर पार्किंगमध्येच उभी!

"आशीर्वाद हितंच मिळतोय न्हवं?"

•

पण बस्त्यावकाकांना तोड नाही. ते कम्युनियन घ्यायला हेल्मेट घालून आले. वेदीसमोर! काच वर केली आणि तोंड उघडलं. फादरांचा हात हवेतच थांबला.

"काका, डोक्यावरचं काढा की."

"परत घालायला टाइम जातोय, फादर!"

मग बाहेर जाऊन स्कूटरचा हॉर्न. बायकोसाठी! मार्थाकाकू बिचाऱ्या पहिल्या कडव्यालाच उठायच्या आणि कॉयरकडं वळून वळून बघत दारापर्यंत जायच्या.

•

काकू एकदा आईला भाजी मंडईत भेटल्या. हळूच म्हणाल्या, "त्या गाण्याचा शेवट काय हाय ग? लग्नापासनं अर्धंच ऐकलंय."

आई तिथंच, मेथीच्या ढिगाशेजारी, चौथं कडवं म्हणायला लागली. पहिली ओळ पुरी होतेय तोवर रस्त्यावरनं हॉर्न!

काकूंनी पिशवी उचलली. "ऱ्हाऊ दे. पुन्हा कवातरी."

•

मागच्या महिन्यात बस्त्यावकाका गेले. अचानकच.

अंत्यविधीला चर्च गच्च भरलेलं. मधल्या वाटेत शवपेटी, त्यामुळं कुणालाच निसटता येईना. आई माझ्या कानाला लागली, "आज चारही कडवी हुतील बघ!" मयताला हिला हे सुचतंय? मी हादरलोच! पण फादरांनीही बजावून सांगितलं, "गीत पूर्ण झाल्याशिवाय पेटी उचलायची नाही."

दुसरं कडवं सुरू झालं आणि काकांच्या पोरानं खांदा देणाऱ्यांना खूण केली.

"उचला! आभाळ आलंय!"

पेटी हलली. फादर झगा सावरत तिच्या पुढं व्हायला धावले. मागोमाग हेडमास्तर, आणि त्यांच्या मागं सगळं चर्च. काका स्वतःच्या मयतालाही गाणं संपायच्या आत निघाले!

मागचे बाक रिकामे. मी कीबोर्डवरचे हात उचलले.

"वाजव की!" आई खेकसली.

मी वाजवत राहिलो. चौथं कडवं आलं आणि बाहेर शववाहिकेचा हॉर्न वाजला. पोरगा दारातनं ओरडला, "मम्मी, चल की! सगळी खोळंबल्यात!"

मार्थाकाकू पहिल्या बाकापाशी उभ्या होत्या. त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "माझं गाणं चाललंय."