कॅटलॉगात लागला माझा हात

मंडळी, दोन तास झाले घरी येऊन, पण अजून चहासुद्धा मांडला नाही, आधी तुम्हाला सांगते!

आज भाचीला, पिंकीला, घेऊन वर्ध्यात टॅटूच्या दुकानात गेले होते. कॉलेजात गेल्यापासून तिनं माझं डोकं खाल्लं होतं. दुकानदारानं डिझाइनचा अल्बम पुढं ठेवला. ड्रॅगन, विंचू, गुलाब. तिला एकही पसंत पडेना.

पान उलटायला मी हात पुढं केला अन् बाही वर सरकली. मनगटावर माझं गोंदण आहे, तुळस अन् भोवती पाच ठिपके. लहानपणी आमच्या गावी, गिरडला, दारावर आलेल्या गोंदणाऱ्या बाईनं काढलेलं. पुढं माझ्या कॉलेजातल्या पोरी त्याला हसल्या, तेव्हापासून मी मे महिन्यातही लांब बाह्याच घालते.

मी बाही ओढणार, तेवढ्यात दुकानदार ओरडला, "थांबा ताई! फोटो काढू द्या न, अल्बमात लावतो!"

पिंकी तर माझा हात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी बघत राहिली. "मावशी, मले हेच पाह्यजे! पण भाऊ, हे टिकते किती वर्षं?"

त्याच्या आधी मीच बोलले, "म्या याच्यावर लिंबू घासलं, दगड घासला, पोरी. तीस वर्षं झाले, गेलं नाई."

अल्बमासाठी फोटो काढू दिला, अन् येताना बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. आता सांगा, तुमच्यात अजून कोण कोण बाही ओढून बसलंय? टाका न फोटो!