न चावणारी चप्पल

सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. मांडीवरच्या चपलेच्या तळाला नृसिंहने आरीने शेवटचं भोक पाडलं, चामड्याची बारीक वादी त्यातून ओवली आणि दातात धरून ओढली. समोर त्याची थोरली बहीण आक्का पट्ट्यावर बसवायची चामड्याची वेणी विणत होती. चप्पल लाइनीच्या मागच्या बोळातलं हे दुकान इतकं अरुंद आहे, की दोघं कामाला बसली की गुडघे एकमेकांना लागतात. बोळाच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि भरमाप्पा काठी टेकत उतरले. नृसिंहने मान वर केली नाही. त्यांची चाल तो आता आवाजावरूनच ओळखतो. उजवं पाऊल पूर्ण पडतं, डावं अर्धवट.

ते अर्धवट पाऊल आपल्यामुळे पडतं, असं नृसिंह धरून चालला आहे. डॉक्टरांचं तसं म्हणणं नाही. भरमाप्पांचं तर अजिबात नाही. पण त्या दोघांना जे माहीत नाही ते नृसिंहला माहीत आहे.

भरमाप्पा उचगावचे. गुळाच्या पेढीवर उमेदीची सारी वर्षं घालवलेला माणूस. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं. सून शिवलीला त्यांना अप्पा म्हणते, बाजार अण्णा म्हणतो. कापशी घाटाची कोल्हापुरी चप्पल घ्यायची ती नृसिंहकडूनच, हा त्यांचा जुना शिरस्ता.

नवी कोल्हापुरी पहिले आठ-दहा दिवस चावते. इथे हा कुणी दोष मानत नाही. घेणारा तक्रार करत नाही आणि देणारा दिलगिरी व्यक्त करत नाही. रात्री तेल लावायचं, सुरुवातीला घरातल्या घरात घालायची, मग पाय आणि चामडं एकमेकांना सांभाळून घेतात. कुणी बोटाला पट्टी बांधून आलाच, तर नृसिंह म्हणायचा, "पावणं, चामडं खरं हाय म्हणून चावतंय. रबर चावतंय व्हय कधी?"

गेल्या पाडव्याच्या आधी भरमाप्पा माप द्यायला आले होते. परतताना त्यांची जुनी, सैल झालेली डावी चप्पल दुकानाच्या पायरीवरच राहिली आणि ते तसेच, एक पाय अनवाणी, रिक्षापर्यंत चालत गेले. बोळात खडी पडलेली होती. त्यांच्या लक्षात आलं ते रिक्षावाला हसायला लागला तेव्हा. मग सगळेच हसले, त्यात भरमाप्पांचा आवाज सर्वांत मोठा. परत येऊन त्यांनी बजावलं, नवा जोड चांगला आवळून कर. नृसिंहने आवळून केला. घालून बघितल्यावर ते म्हणाले, अजून सैल वाटतो. त्याने पट्टा आणखी ओढला. त्यावर आक्काने विचारलं होतं, अण्णा चप्पल घालताय का बांगड्या भरताय?

तीनेक आठवड्यांनी भरमाप्पा मुद्दाम दुकानात आले. कौतुक करायला आले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चप्पल चावली नाही, कापसावरनं चालल्यासारखं वाटतं, असं त्यांनी खड्या आवाजात सांगितलं. त्या वेळी दुकानात कबनूरचं एक कुटुंब दर करत बसलं होतं. नृसिंहच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ह्या अण्णांनाच विचारा, असं तो त्या मंडळींना म्हणाला आणि भरमाप्पांच्या पायातली डावी चप्पल काढून घेऊन ती उलटसुलट करून दाखवू लागला.

पट्ट्याच्या आतल्या अंगाला, पायाची करंगळी टेकते तिथे, नखाएवढा काळपट डाग होता. नृसिंहचा अंगठा त्यावरून गेला आणि थांबला. तेल चामड्यात पसरतं, त्याची कड विरत जाते. ह्या डागाची कड विरलेली नव्हती; डाग वाळलेल्या रक्तासारखा कडक झाला होता. क्षणभर त्याने भरमाप्पांच्या पायाकडे पाहिलं. पाय धुळीने भरलेला होता. वाकून बघितलं असतं तर दिसलं असतं. पण कबनूरचे पाहुणे वाट बघत होते. "तेल झकास मुरलंय," असं म्हणून त्याने चप्पल परत दिली. कबनूरकरांनी दोन जोड नेले.

जूनमध्ये शिवलीला दुकानात आली. ती शाळेत शिकवते. नेमकं बोलायची सवय आहे. अप्पांच्या खोलीत वास येऊ लागला म्हणून तिने त्यांचा पाय पाहिला, तर करंगळी काळी पडली होती आणि शेजारच्या बोटाला सूज होती. त्यांना ताप होता, पण दुखत काहीच नव्हतं. दवाखान्यात साखर चारशेच्या वर निघाली. दोन्ही बोटं काढावी लागली. बारा वर्षांपासून मधुमेह असल्याचं घरात सर्वांना ठाऊक होतं. गोळ्या मात्र अप्पा चक्कर आली तरच घ्यायचे.

डॉक्टरांनी तिला जे समजावलं, ते तिने नृसिंहला सांगितलं. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की पायातल्या बारीक नसा निकामी होत जातात. आधी मुंग्या येतात, मग तळव्यांची आग होते, आणि पुढे काहीच होत नाही. ह्या टप्प्यावर लोक समजतात, बरं वाटायला लागलं. गादीवरून चालल्यासारखं वाटतं, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, नीट बसलेलं पायताण सैल वाटतं म्हणून माणूस तंग पायताण मागतो. पायाला रक्तही कमी पोचतं, म्हणून साधी खरचटही भरून येत नाही. डॉक्टरांनी अप्पांना डोळे मिटायला सांगून नायलॉनचा ताठ दोरा तळव्याला जागोजागी टोचला होता. बऱ्याच जागी त्यांना तो कळलाच नाही.

नृसिंह ऐकत होता. चप्पल पायरीवर राहिली होती. आवळून कर म्हटलं होतं. कापसाचंही म्हटलं होतं. तिन्ही लक्षणं ह्याच दुकानात बोलून गेली होती. पण ती काय सांगतात ते तेव्हा त्याला कळत नव्हतं, आणि त्याबद्दल त्याने स्वतःला दोष दिला नाही. डाग मात्र त्याला कळला होता.

"कुठंतरी खडा लागला असणार," शिवलीला म्हणाली. "काका, तुमची चप्पल तर लोण्यासारखी होती. अप्पा अजून सांगतात."

त्याने आक्काला चहा सांगायला सांगितलं.

डॉक्टरांच्या कागदाबरहुकूम त्याने पुढून रुंद, मऊ तळाचे, मागे पट्टा असलेले सँडल बनवले आणि स्वतः उचगावला नेऊन दिले. कुठे काचतं का हे बघायला तो दोनदा पुन्हा गेला. शिवलीलाने नातेवाइकांत त्याचं नाव केलं, की असा माणूस आजकाल मिळत नाही. ते त्याच्या कानावर आलं, तेव्हापासून तो उचगावला जायचा थांबला.

आता भरमाप्पा दुकानाच्या फळीवर टेकले, काठी बाजूला ठेवली आणि त्यांनी काम सांगितलं. मुरगूडला पुतण्याच्या पोराचं लग्न आहे. जखम भरली. सँडल घालून मांडवात बसणं काही बरं दिसत नाही. मागच्यासारखाच कापशी जोड हवा.

नृसिंह म्हणाला, चामडं संपलंय.

"कालच आलंय की," आक्का वेणीवरची नजर न काढता म्हणाली.

मग तो म्हणाला, हात दुखतोय, कामं तुंबली आहेत. भरमाप्पांनी ते ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आठ बोटांच्या माणसाला तुझ्या दुकानात चप्पल न्हाय, असं सरळ सांग की," ते म्हणाले. "मागची चावली न्हाय म्हणून तर तुझ्याकडं आलोय."

नृसिंहने आरी खाली ठेवली.

"चावली व्हती, अण्णा. तुमास्नी कळलं न्हाय. मला कळलं व्हतं."

आक्काचे हात थांबले. त्याने सगळं सांगितलं. डाग कुठे होता, केवढा होता, कबनूरचे पाहुणे होते, तेल म्हणालो. सांगताना त्याने आपली बाजू सावरली नाही. सावरण्यासारखं त्यात काही नव्हतं.

भरमाप्पांनी बाजूची काठी ओढून घेतली. मग म्हणाले, "तवा सांगितलं असतंस, तरी मी डाक्टरकडं गेलो नसतो. हळद दाबली असती."

ते खरंही असेल. पण नृसिंहला त्याने हलकं वाटलं नाही. हळद दाबायला वाकले असते तर पाय दिसला असता, सुनेने पाहिला असता. तेवढंसुद्धा आपण होऊ दिलं नाही.

"दुसरा पाय दावा," तो म्हणाला.

मापासाठी हा पाय त्याने कितीदा तरी कागदावर ठेवून घेतला होता, कडेने पेन्सिल फिरवली होती. तळवा कधी पाहिला नव्हता. आता त्याने पाय मांडीवर घेतला, ओल्या फडक्याने पुसला आणि बोळातल्या उजेडाकडे वळवला. टाचेला भेगा होत्या. बोटांच्या बेचक्या कोरड्या होत्या. अंगठ्याच्या बुडाशी जाड घट्टा होता, आणि त्याच्या खाली आतून काळसर छटा दिसत होती. त्याने अंगठा टेकवला. तेवढीच जागा गरम लागली.

"दुखतंय?"

"न्हाय."

नृसिंहने पुन्हा दाबलं नाही.

भरमाप्पा म्हणाले, एवढंच ना, तुझी रापी घे आणि घट्टा तासून टाक. चामडं तासतोसच की. चामड्याची धारदार रापी हाताशीच होती. नृसिंहने ती उचलून मागच्या फळीवर टाकली आणि म्हणाला, ते काम डॉक्टरांचं. घरी ब्लेड लावून पाय गमावलेली माणसं त्या दवाखान्याच्या बाकावर त्याने स्वतः पाहिली होती, सँडल दाखवायला गेला होता तेव्हा.

त्याने शिवलीलाला फोन लावला. सकाळच्या शाळेची मधली सुट्टी चालू असावी, मागे पोरांचा कालवा होता. त्याने आधी उजव्या पायाचं सांगितलं, मग पाडव्याच्या जोडाचं. नंतर तिने विचारलं, घट्टा फुटलाय का, पाणी येतंय का. नाही म्हटल्यावर ती म्हणाली, अप्पांना आज चालवू नका, रिक्षा घराच्या दारापर्यंत न्यायला सांगा. उद्या तिच्या शाळेत तपासणी होती, सुट्टी मिळणार नव्हती. घेऊन कोण जाईल, असं तिने विचारलं. मी, तो म्हणाला. तिने वेळ सांगितली आणि फोन ठेवला. एवढ्या बोलण्यात तिने एकदाही काका म्हटलं नाही.

भरमाप्पांना त्याने दंडाला धरून रिक्षात बसवलं. बसता बसता ते म्हणाले, लग्नाला मग काय घालू? सँडलच, नृसिंह म्हणाला, काळ्या रंगाचे करून देतो. कापशीसारखे करकर वाजतील का, असं त्यांनी विचारलं. नाही वाजणार, तो म्हणाला.

उद्या मंगळवार. दवाखान्यात पायांची ओपीडी नऊला सुरू होते आणि केसपेपरची खिडकी साडेआठला उघडते. रिक्षा आठला उचगावात लागेल. चपलांचं दुकान दुपारनंतर उघडेल.