थांबवून ठेवलेला कंटेनर

भूतबित, करणी, नजर... यातलं मी काहीच मानत नाही, आणि हे वाचून कोणी मला अंगारे-धुपारे सुचवू नयेत. साकोली तालुक्यातल्या एकोडीत घरी बसून मी एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करतो. डोकं ठिकाणावर आहे.

काम थोडक्यात सांगतो. प्रोग्रामरनं कोड बदलला, की तो तपासायला सर्व्हरवर एक तात्पुरता कंटेनर तयार होतो... डबाच म्हणा. तपासणी पास होवो की फेल, डबा लगेच पुसला जातो. मग फेल का झाली ते शोधायचं कुठे, माझ्या कपाळात? म्हणून फेल झालेला डबा मी तासभर थांबवून ठेवतो. तास संपला की तो आपोआप जातो.

बाबा तलावात मासे धरायचे. यंदा त्यांची फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं — रात्र काढणार नाहीत म्हणाले. त्याच दुपारी एक तपासणी फेल झाली. मी डबा थांबवला आणि बाबांपाशी जाऊन बसलो.

रात्र गेली. मग दिवसामागून दिवस गेले. बाबांना शुद्ध नाही, घशात नुसती घरघर. बघवत नव्हतं. आत्या म्हणाली, "जीव अडकला हाये. घरात जे जे बांधून असन ते सोडा." जाळ्याच्या गाठी सोडल्या, बकऱ्या सोडल्या, बाबांच्या कमरेचा करगोटासुद्धा काढला. काही फरक नाही.

"तुहं काई बांधून हाये का, बाबू?"

"माझं काय असणार, आत्या," मी वैतागून म्हणालो. तेवढ्यात ऑफिसातून फोन... "अरे, तुझा तो कंटेनर अजून चालूच आहे. काहून?"

लॅपटॉप उघडला. खरंच चालू होता. तासाभराची मर्यादा तशीच लिहिलेली, आणि डबा जिवंत. बंद करायची कमांड टाईप केली — आत्याचं ऐकूनच केली, खोटं कशाला बोलू. एंटर दाबलं आणि आतून आईचा हंबरडा ऐकू आला.

पुढे तोच कोड, एक अक्षरही न बदलता, पास झाला. डबा तासाभरात का गेला नाही, ते कंपनीत कोणालाच सांगता आलं नाही. योगायोग म्हणा. मीही तेच म्हणतो.

तेरवी झाल्यावर आईला सगळं सांगितलं. वाटलं, बाबा सुटले हे ऐकून तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "चालूच राहू देला असता तं तुहं का बिघडत होतं, बाबू?"

हे सगळं कसं झालं, मला आजही माहीत नाही. आईला काय सांगायचं, तेही नाही.