यंदाची कॅचर

फेब्रुवारीत बेसबॉलच्या टीम्सचे सरावाचे कॅम्प सुरू झाले की मला दरवर्षी वेड लागतं. आमची टीम गेली कित्येक वर्षं धड काही जिंकलेली नाही. तरी बाहेर बर्फ साचलेला असताना मी नव्या पिचरचे, म्हणजे आपल्या बोलरचे, व्हिडिओ बघत बसतो आणि यंदा काहीतरी होणार, असं छातीठोकपणे सांगतो. बायको म्हणते, "नागपूरला क्रिकेटपायी दहावीचे मार्क घालवलेस, आता हे कसलं नवीन खूळ?" खूळ माझं नाही, लेकीचं. पहिलीत असताना तिनंच मला मॅचला ओढत नेलं. आता ती दहा वर्षांची आहे आणि इथे, आमच्या पिस्कॅटवे गावात, मुलींच्या टीममध्ये कॅचर आहे, म्हणजे आपला विकेटकीपर समजा. मार्चमध्ये आम्ही दोघं सोफ्यावर बसून आमच्या टीमचं भविष्य मांडतो आणि सप्टेंबरमध्ये तोंडं पाडून म्हणतो, पुढच्या वर्षी बघू.

यंदा फेब्रुवारीतच माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांची मीटिंग, दुपारपर्यंत लॅपटॉप बंद. व्हिसावर असलेल्या माणसाला मग साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं व्हिसाचे कागद भरले तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मी कॅलेंडर काढून मोजलं. साठावा दिवस सीझन सुरू झाल्यावर अडीच आठवड्यांनी येत होता. ग्रीन कार्डच्या रांगेत अकरा वर्षं उभा आहे मी! कागद पुन्हा पहिल्यापासून करावे लागतील या भीतीनं दोनदा चांगल्या ऑफर सोडल्या. मूर्ख कुठला.

लेकीला इतक्यात सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. सीझनच्या तोंडावर पोरीचं मन कशाला खट्टू करायचं? पण घर लहान, बोलणार कुठे? मराठीत काहीही विचारलं तरी ती उत्तर इंग्लिशमध्ये देते. त्यामुळे तिचं मराठी 'जेवायला चल' आणि 'झोप आता' एवढंच, असा आमचा समज. मग आम्ही युक्ती काढली. एरवी घरात लेऑफ, इंटरव्ह्यू, फ्लाइट असंच बोलतो, ते सगळे शब्द टाळून शुद्ध मराठी सुरू केलं.

"मुदत किती उरली?"

"बत्तीस दिवस."

"आणि मुलाखतीचं काय?"

"कळवतो म्हणालेत."

लेक समोर बसून मान वर न करता पास्ता खात होती. बायकोनं मला डोळ्यांनी खुणावलं, बघ, काही कळत नाही तिला. आम्हाला आमच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

ती मुलाखत खरंच झकास झाली होती. समोरचा मॅनेजर आमच्याच टीमचा चाहता निघाला. वीस मिनिटं आम्ही पिचिंगवरच बोललो. तोही म्हणाला, यंदा होणार. चार दिवसांनी मेल आली, व्हिसा स्पॉन्सर करणं आम्हाला सध्या शक्य नाही. बायको नुसतं "चहा टाकू का?" म्हणाली, तर मी तिच्यावर खेकसलो. लाज वाटते सांगायला.

त्या शनिवारी सकाळी लेकीला प्रॅक्टिसला घेऊन गेलो आणि गाडीतच फोनवर जॉब बघत बसलो. थोड्या वेळानं मान वर केली, तर बॅटरच्या मागे दुसरीच मुलगी, माझ्या लेकीचे पॅड बांधून! लेक तिच्या शेजारी उकिडवी बसून तिला ग्लव्ह कसा धरायचा ते दाखवत होती. माझं टाळकंच सरकलं. पोरीची जागा काढून घेतात म्हणजे काय? तरातरा गेलो आणि कोचवर आवाज चढवला.

कोच बिचारी गोंधळली. "मी नाही बदललं," ती म्हणाली. "तुमच्या मुलीनंच विचारलं. एप्रिलमध्ये आम्हाला कदाचित इंडियाला परत जावं लागेल, म्हणाली. तिला आत्ताच कुणाला तरी शिकवून ठेवायचं होतं, टीमचं अडायला नको म्हणून."

लेक आमच्याकडे बघत होती. मी तिला कुंपणापाशी बोलावून विचारलं, "तुला कधी कळलं?"

"फर्स्ट डे, बाबा."

"अगं मग बोलली का नाहीस?"

"यू अँड आई वेअर ट्राइंग सो हार्ड."

मला तिथेच, सगळ्यांसमोर रडू फुटलं. तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि परत त्या मुलीशेजारी जाऊन बसली. त्या मुलीचे तीन बॉल सुटले. चौथा तिनं पकडला, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं ओरडली ती माझी लेक.